प्रसववेदना समजून घेऊ पाहणाऱ्या पुरुषांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला आणि नवी मुंबईत वाशीला आम्ही काही वर्षांपासून बाबा होऊ घातलेल्या पुरुषांच्या छोट्या बैठका घेत आहोत. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्नायूंना विजेचे सौम्य झटके देणारी यंत्रे रोज हाताळतो. त्यामुळे पुरुषांच्या पोटाला पॅड लावून त्यांना 'बाळंतकळा' देणाऱ्या यंत्राचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागल्यापासून लोक प्रसूतीविषयी विचारण्याआधी त्या यंत्राविषयीच विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उपचारांचे निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावेत.

१. बाळंतपणात नेमके दुखते काय? पोट, कंबर की आणखी काही?

दोन निराळ्या वेदना एकामागोमाग येतात आणि शेवटी एकमेकींत मिसळतात. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, आवळलेला असेपर्यंत त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि त्याच वेळी गर्भाशयाचे तोंड ताणले जाऊन हळूहळू सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. ही वेदना खोल आणि पिळवटणारी असते, आणि तिच्यावर बोट ठेवून 'इथे दुखते' असे सांगता येत नाही. गर्भाशयाचे संदेश मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतात, त्याच पातळीवर ओटीपोट आणि कंबर यांच्या त्वचेचेही संदेश येत असल्यामुळे दुखणे तेथे पसरल्यासारखे वाटते. दुसऱ्या टप्प्यात बाळाचे डोके खाली सरकते, योनिमार्ग आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, आणि त्यांची वेदना माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडातून निघणाऱ्या वेगळ्या नसांमधून जाते. ती तीक्ष्ण, जळजळणारी आणि नेमक्या जागी जाणवणारी असते.

बाळाचा चेहरा आईच्या पाठीकडे असण्याऐवजी पोटाकडे असेल, तर अनेकींना पोटापेक्षा कंबरच असह्य दुखते आणि दोन कळांच्या मध्येही ते दुखणे पुरते थांबत नाही. अशा वेळी 'पोटात तर काही दुखत नाही म्हणतेस' असे म्हणणारा नवरा आमच्या बैठकीत दर खेपेला एक तरी असतो.

२. कळा सलग येतात का? एकूण किती वेळ सोसावे लागते?

सलग येत नाहीत. मध्ये विसावा असतो, आणि तो असतो म्हणूनच बाई तग धरते. कळा रंगात आल्या की १० मिनिटांत साधारण ३ ते ५ येतात आणि प्रत्येक कळ पाऊण-एक मिनिट टिकते. ती हळूहळू चढते, शिखर गाठते आणि ओसरते.

एकूण वेळेचा हिशोब मात्र पुरुषांना नेहमी चुकीचा सांगितला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर प्रसूतीचा सक्रिय टप्पा सुरू झाला असे मानावे. तेथून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला सहसा १२ तासांपेक्षा आणि आधी बाळंत झालेलीला १० तासांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. त्यानंतर बाळ बाहेर येण्यास पहिल्या खेपेला ३ तासांपर्यंत आणि पुढच्या खेपांना २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ५ सेंटिमीटरच्या आधीचा जो रेंगाळणारा टप्पा, त्याला घड्याळ लावता येत नाही. तो एक रात्रही खातो, क्वचित दोन. घरातले लोक 'सहा तासांत सुटली' असे म्हणतात तेव्हा ते बहुधा दवाखान्यात पोहोचल्यापासून मोजत असतात.

३. '२० हाडे एकाच वेळी मोडल्याइतकी वेदना' हा मेसेज खरा आहे का?

नाही. त्या मेसेजमध्ये माणूस ४५ 'डेल' वेदना सहन करू शकतो आणि बाळंतपणात ५७ 'डेल' होतात असे लिहिलेले असते. 'डेल' नावाचे वेदनेचे कोणतेही एकक अस्तित्वात नाही, आणि सहनशक्तीची कमाल मर्यादा ओलांडून आणखी १२ एकके सहन कशी करायची, हा प्रश्न मेसेज पुढे पाठवणाऱ्या कोणालाच पडलेला दिसत नाही.

या अफवेच्या मुळाशी एक खरा प्रयोग असावा असे मला वाटते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित जेम्स हार्डी, हॅरॉल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल यांनी १९४० च्या दशकात त्वचेवर उष्णता सोडून वेदना मोजणारे उपकरण तयार केले आणि तिच्या एककाला 'डोल' असे नाव दिले. त्यांची पट्टी १०.५ डोलांवर संपत होती. पुढे हार्डी आणि एका प्रसूतितज्ज्ञाने चक्क कळा सोसणाऱ्या स्त्रियांच्या हाताला चटके देऊन 'कळ जास्त दुखली की चटका?' अशी तुलना करून घेतली. आज असा प्रयोग करण्यास कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. इतर संशोधकांना ते निष्कर्ष भरवशाने पुन्हा मिळाले नाहीत आणि डोल हे एकक मागे पडले.

हाडांची तुलना मला आणखी एका कारणासाठी खटकते. ती स्त्रीची बाजू घेते असे दिसते खरे, परंतु एखादीला तितके दुखले नाही तर तिचे बाळंतपण कमअस्सल ठरवण्याची सोयही तीच करून ठेवते.

४. मग ही वेदना मोजतात तरी कशी?

सोसणाऱ्या व्यक्तीला विचारून. याहून चांगला मार्ग अद्याप सापडलेला नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची वर्णने करणारे शब्द गटागटाने दिलेले असतात आणि रुग्ण आपल्याला लागू पडणारे शब्द निवडतो. या पद्धतीने तपासले असता पहिलटकरणींच्या वेदनेचे सरासरी गुण तपासलेल्या दुखण्यांमध्ये फार वरच्या बाजूला आले. त्याच अभ्यासांत दुसरीही गोष्ट दिसली, जी मेसेजमध्ये कधी येत नाही : स्त्रियांमधला फरक प्रचंड होता. बहुसंख्य स्त्रियांनी वेदना तीव्र किंवा अतितीव्र सांगितली, तर थोड्या जणींनी सौम्य सांगितली. म्हणून 'बाळंतपणात किती दुखते?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. 'तुला आत्ता किती दुखते आहे?' या प्रश्नाला आहे.

आपल्या बोलीतही यासाठी शब्दांची वाण नाही. कळ, वेणा, पिळ, ठणका, चमक, ओढ हे सारे निरनिराळे आहेत. प्रसूतीच्या आधीच्या महिन्यांत हे शब्द दोघांनी मिळून वापरून पाहिले, तर प्रत्यक्ष वेळी 'दुखतंय' या एका शब्दावर सारा भार पडत नाही.

५. पुरुषांना कळा देणारे ते यंत्र नेमके काय करते?

पोटाच्या त्वचेवर चिकट पॅड लावून त्यांतून विद्युतप्रवाह सोडला जातो. प्रवाह वाढवला की पोटाच्या भिंतीचे स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आवळले जातात, त्वचेला टोचल्यासारखे होते आणि श्वास अडकतो. गुडघा किंवा खांदा दुखावलेल्या रुग्णांच्या अशक्त स्नायूंना व्यायाम देण्यासाठी आम्ही वापरतो त्याच जातीचे हे यंत्र आहे. त्यात प्रसूतीचे असे काहीही नाही. गंमत अशी, की याच घराण्यातले टेन्स नावाचे यंत्र कमी तीव्रतेवर बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या कमरेला वेदना *कमी* करण्यासाठी लावतात. सक्रिय कळांमध्ये त्याचा फारसा उपयोग होतो असा सबळ पुरावा नाही, तरी सुरुवातीच्या टप्प्यात काही जणींना ते आवडते.

६. ते लावून घेतल्यावर मला तिची वेदना समजेल का?

वेदनेची नक्कल समजेल, तीही एका कोपऱ्यातली. यंत्र पोटाच्या बाहेरच्या स्नायूंना पकडते; गर्भाशय हा आतला, वेगळ्या प्रकारचा स्नायू आहे आणि तो पुरुषाला नाहीच. कशाचे तोंड उघडत नाही, काही खाली सरकत नाही, प्रश्न १ मधील दुसऱ्या प्रकारच्या वेदनेचा तर स्पर्शही होत नाही. यंत्रावर माणूस १० मिनिटे बसतो, पोटभर जेवलेला आणि रात्रभर झोपलेला असतो, आणि समोर मित्र मोबाइल धरून उभे असतात.

परंतु खरा फरक वेगळाच आहे, आणि तो मला माझ्या पत्नीने दाखवून दिला. यंत्र प्रथम स्वतःला लावले त्या दिवशी मी घरी जाऊन मोठ्या उत्साहाने तिला म्हणालो, की आता मला थोडेफार कळले. आमची मुलगी तेव्हा ३ वर्षांची होती. पत्नी गवार मोडत होती. तिने मान वर न करता विचारले, "बंद कुणी केलं?" मी म्हणालो, "मीच." ती पुन्हा गवार मोडू लागली.

'थांबवा' म्हणण्याची सोय काढून घेतली तर वेदना बदलते. पुढची कळ याहून मोठी असणार आहे हे ठाऊक असणे, तिला चुकवण्याचा मार्ग नसणे, आणि आपल्या शरीरात आणखी एक जीव आहे व त्याचे ठोके कोणी तरी कान लावून मोजत आहे याची सतत जाणीव असणे, यांतले काहीही पॅडमधून येत नाही. म्हणून बैठकीत आम्ही यंत्र शेवटी आणतो आणि ते लावून घेतलेल्याला एवढेच विचारतो, की झटका चालू असताना कोणी आपल्याशी बोलत होते ते आपल्याला ऐकू आले का. बहुतेक जण 'नाही' म्हणतात. तेवढी गोष्ट लेबर रूममध्ये उपयोगी पडते (प्रश्न १३ पाहावा).

७. असे यंत्र ऑनलाइन मिळते. घरी करून पाहिले तर चालेल का?

कृपया करू नये. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत उपकरण, हृदयाच्या ठोक्यांचा विकार, अपस्मार, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया किंवा हर्निया असलेल्यांनी तर मुळीच नाही. पॅड छातीवर किंवा मानेवर लावू नयेत. आणि हे यंत्र गंमत म्हणूनही गर्भवती पत्नीच्या पोटावर लावून पाहू नये. हे वाक्य लिहावे लागते आहे, कारण हा प्रश्न दोनदा आला आहे.

८. मला मुतखडा झाला होता. डॉक्टर म्हणाले, हे बाळंतपणासारखेच. मग मला कळते असे म्हणू का?

आपण इतरांपेक्षा जवळ आहात हे खरे. मुतखडा अडकल्यावर मूत्रवाहिनीचा आतला स्नायू आवळला जातो, आणि ती वेदनाही खोल, लाटेसारखी व कंबरेतून जांघेकडे उतरणारी असते. दोन्ही सोसलेल्या स्त्रियांमध्येही एकमत नाही; कोणी एकीला वरचढ म्हणते, कोणी दुसरीला. फरक असा, की खड्याच्या वेदनेला दवाखान्यात पोहोचताच इंजेक्शन मिळते आणि ते मागितल्याबद्दल कोणी आपल्या पुरुषपणाविषयी शंका घेत नाही. बैठकीतले सर्वांत चांगले श्रोते मुतखडावालेच असतात, हे मात्र मी अनुभवाने सांगतो.

९. माझ्या आजीची पाच बाळंतपणे घरात झाली आणि तिने हूं की चूं केले नाही. निसर्गाने स्त्रीला सहनशक्ती जास्त दिली आहे ना?

प्रयोगशाळेत उष्णता, थंडी, दाब देऊन केलेल्या अभ्यासांत स्त्रियांना सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा लवकर व अधिक वेदना जाणवल्याचे आढळते. वेदना कमी जाणवण्याची दैवी देणगी कोठेही दिसत नाही. 'तिला सहन होते' हे वाक्य कौतुकाचे वाटते, परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ 'तिला औषध नको' असा होतो.

आजी गप्प राहिली, कारण पलीकडच्या खोलीत सासरे बसलेले होते. आणि त्या काळाचे जे आठवायचे ते पूर्ण आठवावे. आपल्याच कल्याणमध्ये १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहाच दिवस जगले; त्यानंतर त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ३३ होते. ते इतके खाली आले ते सोसण्यामुळे नव्हे, वेळेवर दवाखाना गाठल्यामुळे.

१०. ती ओरडत नाही, म्हणजे कमी दुखते आहे असे समजावे का? आणि ओरडली तर?

आवाजावरून काहीही समजू नये. काही जणी पूर्ण आत वळतात, बोलणे थांबते, डोळे मिटतात. अनुभवी परिचारिका याच खुणेवरून 'आता जोर धरला' असे ओळखतात. काही जणी पहिल्या कळेपासून आवाज काढतात, कारण त्याने त्यांना बरे वाटते. दोन्ही रीती योग्य आहेत. आपल्याकडे ओरडणाऱ्या बाईला 'तेव्हा बरे सुचले होते' असे टोमणे मारण्याची एक घाणेरडी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. आमच्या पहिल्या खेपेला शेजारच्या खाटेवरील मुलीला असे बोललेले मी पडद्याआडून ऐकले आणि गप्प बसलो. आज बसणार नाही. रुग्णाशी सन्मानाने वागणे हा काही उपकार नाही, आणि तक्रार प्रमुख परिचारिका वा वैद्यकीय अधीक्षक यांच्याकडे शांतपणे, लेखी करता येते.

११. एपिड्यूरल घेतले तर वेदना राहतच नाही, असे आहे का? आणि पाठ कायमची दुखते हे खरे का?

कमरेच्या मणक्यांमधून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील जागेत बारीक नळी बसवून तिच्यातून बधिर करणारे औषध दिले जाते. परिणाम दिसायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. बहुतेक जणींची वेदना पुष्कळच कमी होते, तरी दाब जाणवत राहतो, आणि काही जणींची एकच बाजू नीट बधिर होते व नळी पुन्हा जुळवावी लागते. रक्तदाब उतरणे, अंगाला खाज, ताप, आणि सुमारे शंभरातील एकीला नंतर तीव्र डोकेदुखी हे ज्ञात त्रास आहेत. बाळ बाहेर येण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. मात्र एपिड्यूरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढते किंवा पाठ कायमची धरते, असे एकत्रित अभ्यासांत आढळलेले नाही. गरोदरपणात आणि बाळाला उचलून घेण्यात पाठ तशीही दुखते. दोष सुईवर जातो. रक्त गोठण्याच्या तक्रारी असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर ते देता येत नाही.

नवऱ्याने विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे : आपण नाव नोंदवलेल्या ठिकाणी भूलतज्ज्ञ रात्री २ वाजताही उपलब्ध असतात का? लहान नर्सिंग होममध्ये ते बाहेरून बोलवावे लागतात. हे सातव्या महिन्यात विचारावे. कळा सुरू झाल्यावर विचारून उपयोग नसतो. घ्यायचे की नाही हे ती ठरवील, आणि कळांच्या मध्यावर तिने मत बदलले तर बदललेले मत हेच तिचे मत. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले होते. तेव्हापासून आजपर्यंत वेदनाशमन घेतल्याने कोणाचे आईपण उणे झाल्याची नोंद नाही.

१२. आमचे सिझेरियन ठरले आहे. म्हणजे वेदनेचा प्रश्नच मिटला ना?

पुढे ढकलला गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी कमरेखालचा भाग बधिर असतो, परंतु पोटाचे अनेक थर उघडून शिवलेले असतात आणि भूल उतरल्यावर खोकणे, हसणे, कुशीवर वळणे यांपैकी प्रत्येक गोष्ट जाणवते. त्याच अवस्थेत तिला दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या आणि खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. म्हणजे ठाण्या-वाशीच्या खासगी दवाखान्यांत जाणाऱ्या जोडप्यांनी ही शक्यता धरूनच तयारी करावी. अनेक जणी तर आधी बारा-चौदा तास कळा देतात आणि मग त्यांचे सिझेरियन होते. त्यांना 'सोपे गेले' असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे, ते मी येथे लिहीत नाही.

१३. लेबर रूममध्ये नवऱ्याला घेतात का? घेतले तर मी तिथे करायचे काय?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास परवानगी दिली. त्या सूचनांत मुख्यतः स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या नातेवाईक स्त्रीचा विचार आहे. जेथे आडोशाची व खासगीपणाची नीट व्यवस्था आहे तेथे पतीलाही सोबत राहू देता येते. सोबतीला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि त्याने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. एका कक्षात अनेक खाटा असतील तर शेजारच्या खाटेवरील बाईचाही खासगीपणा असतो, म्हणून तेथे पुरुषाला नकार मिळणे समजण्यासारखे आहे. अशा वेळी तिची आई, बहीण वा मावशी यांपैकी कोण आत थांबेल ते तिलाच विचारून आधी ठरवावे. खासगी दवाखान्यांचे नियम निरनिराळे असतात. नाव नोंदवतानाच विचारावे.

आत गेल्यावर पहिले काम म्हणजे थांबणे. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात २६ अभ्यास व १५ हजारांहून अधिक स्त्रिया यांची माहिती एकत्र केली होती. ज्यांना सतत सोबत मिळाली त्यांची प्रसूती काहीशी लवकर झाली, नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढले आणि वेदनाशामके कमी लागली. 'सतत' हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. दर पंधरा मिनिटांनी फोन घ्यायला बाहेर जाणारा माणूस सोबत नसतो.

कळ चालू असताना बोलू नये, प्रश्न विचारू नये. तिला ऐकू येत नसते (प्रश्न ६). कळ ओसरली की पाण्याचा घोट, ओला रुमाल, आणि एकच छोटा प्रश्न. कंबर दुखत असेल तर माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडावर तळहाताच्या टाचेने कळ असेपर्यंत घट्ट, स्थिर दाब द्यावा. किती जोर हवा ते ती सांगेल आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. चोळल्याने वा दाबल्याने दुखणे कमी का वाटते, याचे एक स्पष्टीकरण मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले : स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतील वेदनेची वाट अंशतः अडवतात. अर्ध्या तासाने तीच म्हणेल, 'हात लावू नकोस.' तेव्हा हात काढावा आणि रुसू नये. डॉक्टरांची परवानगी असेल तर तिला चालू द्यावे, टेकून उभी राहू द्यावी, कुशीवर होऊ द्यावे. 'झालंच आता', 'थोडंच राहिलं' ही वाक्ये टाळावीत, कारण ती खोटी ठरतात आणि तिला ते लक्षात राहते. 'मी इथेच आहे' हे खोटे ठरत नाही.

१४. मला रक्त पाहून चक्कर येते. आत गेलो नाही तर मी वाईट नवरा ठरेन का?

ठरणार नाही. चक्कर येऊन पडलेल्या नवऱ्याकडे परिचारिकेला बघावे लागते, ते वेगळेच. खाऊन जावे, डोक्याकडच्या बाजूला बसावे, आणि तरीही जमत नसेल तर तसे तिला आधी सांगून दुसरी सोबत ठरवावी. आयत्या वेळी गायब होणे मात्र अक्षम्य आहे. काही स्त्रियांनाच नवरा आत नको असतो. तोही मान राखावा.

१५. पहिले बाळंतपण तिच्या माहेरी, कराडला आहे. मी ठाण्यात. मग हे सारे मला कसे लागू?

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येचा हाच प्रश्न असतो. कळा सुरू झाल्याचा फोन येतो तेव्हा आपण विवियाना मॉलच्या सिग्नलला असता आणि पोहोचायला पाच-सहा तास लागतात; बाळ वाट पाहील याची हमी नाही. सातव्या महिन्यात ती जाण्यापूर्वी तिच्या आईशी आपण स्वतः बोलावे : वेदनाशमनाविषयी तिचे म्हणणे काय, तिला काय नको आहे, आत कोण थांबेल. सासूबाईंशी या विषयावर बोलणे अवघड वाटते हे मान्य. तरी बोलावे. आणि बाळंतपणानंतर पेढे घेऊन दोन दिवसांत परत फिरू नये. प्रश्न १७ मधील बहुतेक गोष्टी त्यानंतर सुरू होतात.

१६. कोणत्या दुखण्याला निघावे आणि कोणत्याला थांबावे? घोडबंदरचा ट्रॅफिक डोळ्यांसमोर आहे.

खोट्या कळा अनियमित असतात, चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर कमी होतात आणि त्यांचा जोर वाढत नाही. खऱ्या कळांमधले अंतर कमी होत जाते. पहिल्या खेपेला साधारण ५ मिनिटांवर, एकेक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघावे, असा सर्वसाधारण आडाखा आहे. परंतु कासारवडवली किंवा गायमुखच्या पुढे राहणाऱ्यांनी, तसेच पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून कळव्याकडे यावे लागणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून हे अंतर आधीच वाढवून घ्यावे. दुसऱ्या बाळंतपणात तर घाईच करावी.

पाणी जाणे, विशेषतः हिरवट पाणी; रक्तस्राव; बाळाची हालचाल मंदावणे; तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी; झटके; ३७ आठवड्यांपूर्वीच्या कळा; आणि दोन कळांच्या मध्ये पोट मऊ न पडता सतत दगडासारखे राहून दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर कळा मोजत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, सिझेरियन आणि घरापासूनची ने-आण यांचा खर्च रुग्णाकडून घेतला जात नाही.

१७. बाळ झाल्यावर दुखणे संपते ना?

संपत नाही, त्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही, एवढेच. गर्भाशय पूर्वस्थितीला येताना पुन्हा कळा येतात, बाळाला पाजताना त्या वाढतात, आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या अधिक तीव्र असतात. टाके असतील तर बसणे, लघवी व शौच यांची धास्ती वाटते. दूध दाटून स्तन दुखतात. याच दिवसांत घरात पाहुण्यांची रीघ लागते आणि तिला टाक्यांवर बसून सर्वांना बाळ दाखवावे लागते. पाहुण्यांना दारातून परत पाठवण्याचा वाईटपणा नवऱ्याने घ्यावा, तिच्यावर टाकू नये. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू चांगलेच. परंतु डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या 'दुधात उतरतील' म्हणून घरातल्यांनी परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

दोन आठवड्यांनंतरही ती सतत उदास असेल, बाळ झोपलेले असूनही झोपत नसेल, किंवा 'मी नसते तर बरे' असे बोलत असेल, तर तो थकवा मानू नये. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी डॉक्टरांकडे दहा प्रश्नांची, १९८७ पासून वापरात असलेली एडिंबरो प्रश्नावली असते. टेलिमानस ही शासनाची मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, आणि प्रसूती पाहून स्वतः हादरलेल्या वडिलांनीही तेथे फोन करावा.

१८. आमचे बाळ पोटातच गेले आणि तिला तरीही कळा द्याव्या लागल्या. मी तिला काय म्हणू?

हा प्रश्न दर वर्षी येतो. अशा वेळी बहुतेकदा नैसर्गिक प्रसूतीच तिच्या शरीरासाठी सुरक्षित असते, त्यामुळे ती टाळता येत नाही. मात्र वेदनाशमन नाकारण्याचे कोणतेही कारण उरत नाही, आणि ते मागण्याचे काम आपले आहे. 'देवाची इच्छा', 'अजून वय आहे' असे काही बोलू नये आणि इतरांनाही बोलू देऊ नये. बाळाला पाहायचे, हाती घ्यायचे की नाही, हे तिला सावकाश विचारावे. दूध त्यानंतरही येते. हे तिला आधी कोणी तरी सांगायला हवे.

१९. मी एवढे वाचले, बैठकीला आलो, यंत्रही लावून घेतले. तरी ती म्हणते, 'कळ आल्याशिवाय कळत नाही.' आता आणखी काय करू?

ती बरोबर बोलते आहे, तेव्हा वाद घालू नये. 'मला कळते' हे वाक्य आपल्या बोलण्यातून काढून टाकले तर काही बिघडत नाही; त्याच्या जागी 'सांग' हा शब्द ठेवावा. अनेक जणी आपल्या बाळंतपणाची हकीकत वर्षानुवर्षे पुन्हा सांगतात, तपशील बदलतात, नवे आठवतात. माझ्या पत्नीने पडद्याआडच्या त्या मुलीची गोष्ट (प्रश्न १०) मला आमची मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर सांगितली. मीही ती ऐकली होती हे तिला ठाऊक नव्हते.

२०. नोकरीत यासाठी रजा मिळते का?

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास, १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून ते प्रसूतीनंतर ६ महिन्यांपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत पुरुषांसाठी असा कायदा नाही, कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. अर्ज सातव्या महिन्यातच करून ठेवावा.

२१. बैठकीला येताना काय तयारी लागते?

जेवणानंतर दोन तास गेलेले असावेत. पोटावर तेल किंवा क्रीम लावून येऊ नये, पॅड चिकटत नाहीत. शर्ट बाहेर काढता येईल असा घालावा. प्रश्न ७ मधील कोणताही त्रास असेल तर आधी कळवावे. यंत्र न लावताही बसता येते, आणि पत्नीला सोबत आणले तर तिची जागा पहिल्या रांगेत असते.